धांड्याची गाडी, प्लॅस्टिकचं जू

मागच्या दिवाळीला भाचा पुण्याहून हदगावला आला आणि पिशवीतून काय काढलं, तर बैलगाडी. गडी पस्तिशीच्या पुढचा, नोकरी संगणकाच्या कंपनीत. रात्री जेवणं झाली की लेगोचे ठोकळे मांडून बसतो, हे आम्ही ऐकून होतो. ही गाडी कुठल्या तयार खोक्यातून निघालेली नव्हती. आराखडा त्याचा, तुकडे सुटे मागवलेले. या छंदातली मंडळी अशा रचनेला ‘मॉक’ म्हणतात, म्हणजे ‘माय ओन क्रिएशन’. आईनं चष्मा लावून ती चहूबाजूंनी निरखली आणि नातवाला विचारलं, “समदं हाय, पर जूला शिवळा कुठायत रं?” शिवळ म्हणजे जूच्या टोकाशी खोचलेली खुंटी, जिला जुपणी बांधून बैल जुंपतात. नातू मोबाइलवर ‘शिवळ’ शोधू लागला.

मला मात्र धांड्याची गाडी आठवली. ज्वारीचं वाळकं धांडं सोललं की दोन जिनसा हाती येतात : वरचं कडक सालपट आणि आतला मऊ पांढरा गाभा. सालपट गाभ्यात खुपसलं की सांधा तयार. डिंक नको, खिळा नको. गाभ्याच्या चकत्यांची चाकं, सालपटाचा आख, बोटाला दोन-तीन चिरा, की गाडी पळाली. आता आमच्या शिवारात सोयाबीन, कापूस, हळद. सोयाबीनच्या काडात सोलण्यासारखं काहीच नसतं.

असल्या खेळण्यात सगळी अक्कल सांध्यात असते, आणि प्लॅस्टिकच्या या विटा करणाऱ्या कंपनीचा मूळपुरुषही सांधे जोडणाराच होता. डेन्मार्कमधल्या बिलुंड या खेड्यातला सुतार, ओले किर्क क्रिस्टियानसेन. जागतिक मंदीत आजूबाजूचे शेतकरी खंगले आणि घरं-फर्निचर करून घेणारं गिऱ्हाईक आटलं. 1932 साली त्यानं शिड्या, इस्त्रीचे पाट आणि त्यांच्या जोडीला लाकडी खेळणी करायला घेतली. दुष्काळात सुताराच्या नेटाकडं काय काम येतं, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. 1934 मध्ये त्यानं ‘चांगलं खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची टोकं जोडून ‘लेगो’ हे नाव केलं. हाही सांधाच म्हणा.

वीट मात्र त्याची नव्हे. इंग्लंडमधल्या हिलरी फिशर पेज यांनी ‘किडीक्राफ्ट’ नावाखाली, वर गुंड्या असलेले पोकळ प्लॅस्टिकचे ठोकळे आधीच काढले होते. बिलुंडमध्ये 1947 साली प्लॅस्टिक साच्यात ओतणारं यंत्र आलं, त्या सुमारास पेज यांच्या ठोकळ्यांचे नमुने बाप-लेकांच्या हाती पडले. थोडे फेरफार करून 1949 मध्ये लेगोनं आपले ठोकळे बाजारात आणले. ‘प्रेरणा घेतली’ असं म्हणायची हल्ली पद्धत आहे. आमच्याकडं त्याला नक्कल म्हणतात.

त्या नकलेत मूळचं दुखणंही आलं. ठोकळा खालून नुसताच पोकळ, त्यामुळं एकावर एक बसे, पण धरून राहत नसे. भिंत उंच गेली की डुगडुगे. कुसू होतं, त्याला घट्ट धरणारी खाच नव्हती. ओलेचा मुलगा गॉटफ्रेड यानं उपाय काढला : पोकळीत नळ्या बसवायच्या. आठ गुंड्यांच्या विटेत तीन नळ्या. खालच्या विटेची गुंडी वरच्या विटेची नळी आणि भिंत यांच्यामध्ये चिमटली जाते; ओढली तर सुटते, एरवी सुटत नाही. 28 जानेवारी 1958 ला या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला आणि मार्चमध्ये म्हातारा सुतार वारला. दोन गुंड्यांमधलं अंतर तेव्हापासून आजवर 8 मिलिमीटरच आहे. आजोबांच्या डब्यातली वीट नातवाच्या विटेवर बसते. एकाच रंगाच्या, आठ गुंड्यांच्या सहा विटा किती तऱ्हांनी जोडता येतात? सोरेन आयलर्स या डॅनिश गणितज्ञानं संगणकाकडून मोजून घेतलं : 91,51,03,765.

मोठ्या माणसांसाठी काही करावं, हे कंपनीला एकदा सुचलं होतं. विटेची उंची 9.6 आणि गुंड्यांचं अंतर 8 मिलिमीटर, त्यामुळं घराचा नमुना करायला बसलं की मापं जुळत नाहीत. म्हणून 1963 मध्ये वास्तुविशारदांसाठी 5 मिलिमीटरच्या मापाची ‘मॉड्युलेक्स’ वीट निघाली. ती फारशी चालली नाही. ती शाखा पुढं इमारतींच्या पाट्या करू लागली.

मोठ्यांचा छंद पुढं उभा राहिला तो मोठ्यांच्याच खटपटीनं. 1995 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जेम्स जेसिमन या तरुणानं ‘एलड्रॉ’ लिहिलं. त्यात विटा पडद्यावर रचता येतात. दोनच वर्षांत तो गेला, पण तुकड्यांचं त्याचं भांडार इतरांनी वाढवत नेलं. 2000 साली डॅन येझेक यानं ‘ब्रिकलिंक’ हा सुट्या तुकड्यांचा बाजार मांडला. बैलगाडीला हवी तेवढीच तपकिरी फळी जगातल्या कुठल्याही हौशाकडून मागवायची सोय झाली. भाच्याची गाडी या दोघांच्या पुण्याईवर उभी आहे. कंपनी मागून आली : 2008 मध्ये तिनं 5,922 तुकड्यांचा ताजमहाल काढला, जो लहान मुलांच्या आवाक्यातला नव्हताच. आणि 2019 मध्ये तिनं ब्रिकलिंकच विकत घेतलं.

आपल्याकडं असाच एक सांधा आठवडी बाजारात सापडलेला आहे. पुण्यात टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता 1978 मध्ये रजा काढून होशंगाबादच्या विज्ञान-शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथं बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी दिसली, जिला आमच्याकडं ‘वालट्यूब’ म्हणतात. काडेपेटीची काडी तिच्यात नेमकी घट्ट बसते. त्रिकोण, चौकोन, घरं, सगळं उभं राहिलं, काही पैशांत. मला ही जोडणी बिलुंडच्या विटेहून धांड्याच्या जवळची वाटते : एक ताठ, एक लवचीक.

तिसऱ्या दिवशी भाच्यानं डब्यातून लेगोच्या बाहुल्यांच्या हातातल्या छड्या शोधून काढल्या आणि जूच्या दोन्ही टोकांना खुपसल्या. घट्ट बसल्या. गाडी पुन्हा आजीपुढं आली. तिनं बोटानं एक शिवळ हलवून पाहिली.

“झ्याक. आता जुपण्या कर.”