'पिशवी' : एका शब्दाचा इतिहास



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्या गुरुजींनी आम्हांला एक सवय लावली होती. शब्द भेटला की त्याचे गाव विचारावे. आज मी ज्या शब्दाचे गाव विचारणार आहे, तो सभेत उच्चारण्याजोगा नाही असे आमच्या पिढीने मानले. परंतु बीदर-कलबुर्गीच्या खेड्यांत आणि तांड्यांवर तो सहजपणे कानी पडतो : 'तिची पिशवी काढली.'

स्त्रीची पाळी जाणे ही आपल्या परंपरेने व्याधी मानलेली नाही. सुश्रुताने रजःप्रवृत्तीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला; पुढे जरेने देह पक्व झाला की रज क्षीण होते, एवढेच त्याचे म्हणणे. 'विटाळ' हा शब्द मात्र धर्मव्यवहाराने त्यावर लादला. त्यास विरोधही आपल्याच मातीत झाला. बाराव्या शतकात कल्याणच्या शरणांनी पंचसूतके नाकारली, त्यांत रजःसूतकही होते. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी तो देहाच्या अन्य स्रावांसारखाच एक स्राव मानला. चोखोबांच्या सोयराबाईंनी विटाळ देहापासून वेगळा काढता येत नाही, हा विचार अभंगात मांडला. तरीही घराघरांतील व्यवहार बदलला नाही. परिणामी पाळी जाणे ही स्त्रीला सुटका वाटू लागली. सुटकेची ही ओढ पुढे कोणाच्या पथ्यावर पडली, ते आपण पाहूच.

पाश्चात्त्य देशांत या अवस्थेचा प्रवास अगदी वेगळा झाला. १८२१ च्या सुमारास गार्दान या फ्रेंच वैद्याने 'मेनोपॉज' हे नाव रूढ केले. १९२९ मध्ये अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांड यांनी स्वतंत्रपणे स्त्रीसंप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. १९४२ मध्ये गाभण घोडींच्या मूत्रापासून केलेले 'प्रेमारिन' अमेरिकेच्या बाजारात आले. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टराने पुस्तक लिहून पाळी जाणे हा संप्रेरकाच्या उणिवेचा रोगच ठरवला आणि तारुण्य टिकवण्याचे आश्वासन दिले. १९७५ मध्ये गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका उघड झाला. तेव्हा गर्भाशय असलेल्या स्त्रियांना प्रोजेस्टेरॉनवर्गीय औषधाची जोड देण्यात येऊ लागली. जुलै २००२ मध्ये १६,६०८ स्त्रियांवरील मोठी अमेरिकी चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण स्तनाचा कर्करोग, हृदयविकार व पक्षाघात यांचे प्रमाण वाढलेले दिसले. जगभर भीती पसरली. पुढे ध्यानात आले, की त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. साठीच्या आत, अथवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, योग्य तपासणीनंतर हा उपचार सुरू केल्यास बहुतेकींना लाभ अधिक होतो, असे आता मानले जाते.

हा इतिहास आपल्या गावात पोहोचलाच नाही. येथे पोहोचली ती शस्त्रक्रिया.

२०१५ मध्ये कलबुर्गी जिल्ह्यातील लमाणी आणि दलित स्त्रियांच्या तक्रारी पुढे आल्या. कंबरदुखी, पोटदुखी, पांढरे जाणे अशा साध्या कारणांसाठी त्या खासगी रुग्णालयांत गेल्या होत्या. कर्करोगाची भीती घालून त्यांची गर्भाशये काढण्यात आली. आरोग्य खात्याच्या चौकशीत अशा शस्त्रक्रियांची संख्या दोन हजारांवर निघाली. त्यांतील कित्येकींनी पस्तिशीही ओलांडलेली नव्हती. संघटनांच्या पाठबळाने या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. सीमेपलीकडे बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली. १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. खाडा पडला तर मुकादम दंड करतो. मग पाळीची कटकटच नको, हा हिशेब त्यामागे होता. विटाळातून सुटण्याची ती जुनी ओढ येथे मजुरीच्या हिशेबाला येऊन मिळाली.

माझ्या थोरल्या वहिनींची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली. सोबत अंडाशयेही काढली, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी एका जीर्ण कागदावरून कळले. पस्तिशीच्या आतच अंगातून वाफा निघत, रात्री झोप लागत नसे. पन्नाशीला त्या साध्या ठेचेने पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. आम्ही म्हणत राहिलो, 'वहिनींचा स्वभावच चिडका झाला आहे.' मराठीची पदवी घेतलेल्या मलाही त्या दुःखाला शब्द सापडला नाही. ही खंत आजही बोचते.

वैद्यकशास्त्र सांगते ते स्पष्ट आहे. केवळ गर्भाशय काढले तर पाळी थांबते, अंडाशयांचे कार्य बहुधा चालू राहते. मात्र ते काहीसे लवकर मंदावू शकते. अंडाशयेही काढली, तर रजोनिवृत्ती एका दिवसात अंगावर कोसळते. पंचेचाळिशीच्या आत असे घडल्यास हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयविकाराचा धोका वाढतो. अशा स्त्रीला, अन्य अडचण नसल्यास, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरक द्यावे, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. गर्भाशय नसल्याने तिला सहसा केवळ इस्ट्रोजेन पुरते. विपर्यास पाहा. ज्या औषधाचा चिरतारुण्यासाठी गाजावाजा झाला, त्याची सर्वाधिक गरज असलेल्या आपल्या तांड्यावरील स्त्रीने त्याचे नावही ऐकलेले नाही.

५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशयशस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश राज्यांना दिला. आदेश मोलाचा खरा. परंतु तो उंबरठ्याच्या आत पोहोचायचा तर घरची भाषा बदलावी लागेल.

'पिशवी' म्हणजे रिकामी झाली की टाकून द्यायची वस्तू. या एका शब्दाने शस्त्रक्रिया सोपी करून टाकली. माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी डॉक्टर आहेत, कोणी शिक्षक, सगळेच कोणाचे तरी मुलगे आणि मुली. आज घरी गेल्यावर आईला, काकूला, वहिनीला विचारा : काय काढले, का काढले, कागद कोठे आहे? आणि उत्तर संपेपर्यंत तिच्याजवळ बसा. गुरुजींनी शिकवलेली शब्दाचे गाव विचारण्याची रीत तीच आहे.