कोयनेला जावंच लागलं

मुळशीत धरणाचा विषय निघाला की आपल्याला 1921 चा सत्याग्रह आणि सेनापती बापट आठवतात. तिथला प्रश्न होता जमीन पाण्याखाली जाण्याचा. पुढे याच सह्याद्रीत, कोयनेला, वेगळाच प्रश्न उभा राहिला: साठवलेल्या पाण्यामुळे जमीन हलते का?

शिवाजीसागर 1962 च्या सुमारास भरू लागला आणि आसपासच्या लोकांना बारीक धक्के जाणवू लागले. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, असा तेव्हा पक्का समज. तरीही आपल्या शेजारच्या खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राने तिथे भूकंपमापक बसवले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीड-दोनशे माणसं गेली. पण धरणाच्या आतल्या यंत्रावर त्या हादऱ्याची नोंद उमटली. जगभरचे धरण-अभियंते ती आजही वापरतात.

पुढची चाळीसेक वर्षं चर्चा मुख्यतः शोधनिबंधांतून चालली. हर्ष गुप्ता आणि बी. के. रस्तोगी यांचं धरणं आणि भूकंपांवरचं पुस्तक 1976 मध्ये आलं. पाण्याशी नातं आहे, हे बहुतेकांनी मानलं. पण सह्याद्रीत धरणं पुष्कळ, मग एवढा मोठा भूकंप कोयनेलाच का? याचं उत्तर वरून मिळेना. जमिनीतच उतरायला हवं होतं.

मार्च 2011 मध्ये हैदराबाद आणि कोयना अशा दोन ठिकाणी देशोदेशींचे शास्त्रज्ञ जमले. आम्हाला यातलं 'आणि कोयना' महत्त्वाचं वाटतं. भूकंपतज्ज्ञाला छिद्र हवं भ्रंशाच्या अगदी जवळ. छिद्र घेणाऱ्याला तिथलाच तुटका खडक नको असतो. वर अवजड यंत्र डोंगरात चढवायचं, त्याला रस्ता हवा, सपाट जागा हवी. ही ओढाताण पत्रव्यवहारात महिनोन्‌महिने चालते हो! उतारावर चौघं उभे राहिले की निदान भांडण कशाचं आहे ते तरी दिसतं. मे 2014 मध्ये पुन्हा बैठक झाली, तीही कोयनेलाच.

मग गोठणे इथे 3 किलोमीटर खोल छिद्र 2017 मध्ये पूर्ण झालं. काळ्या बेसॉल्टखाली थेट ग्रॅनाइट लागला, मध्ये गाळाचा खडक नाहीच. कराडच्या प्रयोगशाळेत आज तो अभ्यास चालू आहे. कोयनेचे धक्केही चालूच आहेत.