हरळी

देवापुढं ठेवली की दूर्वा, उसात निघाली की हरळी. गवत एकच. गणपतीनं अनलासुर गिळला, अंगाची आग झाली, ती एकवीस दूर्वांनी शमली, ही कथा सगळ्यांना ठाऊक. कुणब्याच्या अंगाची आग मात्र या गवतानंच व्हायची.

आमचं रान नीरेच्या डाव्या कालव्याखाली. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला आणि ओलीबरोबर हरळीही माजली. काळ्या रानात तिच्या मुळ्या हात-दीड हात खोल जातात. कुळव वरचं तेवढं खरवडतो. तुकडा तुटला तर पेर तिथंच रुजतं. म्हणून चैत्र-वैशाखात कुदळी घेऊन रान खणायचं, ढेकळं उलथी टाकायची आणि मुळ्या उन्हात वाळवून वेचायच्या, एवढाच उपाय. आजोबांनी चार एकर असं उक्तं खणून घेतलं. त्यापायी बैलजोडीतला एक बैल बाजारात गेला. पुढची दोन सालं भावकीच्या बैलाबरोबर वारंगुळ्यानं औत चाललं. आजी हे सांगताना रानाचं नाव घ्यायची नाही, "बैल खाल्लेला तुकडा" म्हणायची. अजून तेच नाव चालतं.

आणि १९७२ ला काय झालं? कालवा आटला, कडबा संपला. तेव्हा माणसं कुदळी घेऊन पुन्हा हरळीच खणायला लागली, पण जनावरांसाठी. मुळ्या झटकायच्या, माती धुवायची आणि दावणीला टाकायच्या. पांढऱ्या मुळ्या गोडसर असतात, गुरं चवीनं खातात. आमची गाय त्यावर तगली.

त्या वर्षी दुष्काळी कामावर गावोगाव ताली पडल्या. नव्या तालीची माती पहिल्याच वळवात वाहून जाते. जुन्या माणसांनी हरळीचे ठोंब आणून ताल ओली असताना उतारावर टोचले. दोन पावसाळ्यांत मुळ्यांनी माती अशी धरली, की वरून बैलगाडी गेली तरी ढासळायची नाही. घोळणा फुटला की हिचाच रस नाकात घालायचे, तेही त्याच तालीवरून खुडून आणून.

आता ग्लायफोसेट आलं. रानातली हरळी त्यानं मरते, खणणाऱ्याचा कणा वाचतो, त्याला माझी ना नाही. पण बाटलीत उरलं म्हणून लोक बांधावरही मारतात. आमच्या वरच्या अंगाच्या शेतकऱ्यानं तेच केलं. बांध उघडा पडला, परतीच्या पावसात दोन ठिकाणी फुटला आणि त्याची माती माझ्या कांद्यात आली. चांगली माती होती ती, काळी, लोण्यासारखी. त्याला म्हटलं, "घेऊन जा बाबा परत." तो हसला. ट्रॉलीचं भाडंच परवडायचं नाही.

या पावसाळ्यात त्यानं माझ्या बांधावरून दोन पाट्या ठोंब नेले.