शिक्षा आणि परतीची वाट



इतिहासाच्या तासाला आपण लढाया, तह आणि सनावळ्या शिकतो. इतिहास घडवणारी माणसे ज्या घरांत लहानाची मोठी झाली, त्या घरांविषयी मात्र पाठ्यपुस्तकात दोन ओळीही नसतात. वास्तविक बारा ते अठरा या वयात मुलाच्या स्वभावाला वळण लागते, आणि ते लागते दस्तरखानावर, ओसरीवर, आईवडिलांच्या बोलण्यात आणि अबोल्यातही. म्हणून आज सनावळ्या थोड्या बाजूला ठेवून तुम्हांला दोन जुन्या घरांत घेऊन जायचे आहे.

पहिले घर दिल्लीचे. सर सय्यद अहमद खान यांचा जन्म १८१७ साली तेथे झाला. त्यांचे बालपण आजोळी गेले. आजोबा ख्वाजा फरीदुद्दीन हे दुसऱ्या अकबरशाहाचे वजीर राहिलेले आणि गणितात पारंगत होते. एवढा मोठा माणूस. पण नातवंडांना बरोबर घेऊन जेवायला बसे, त्यांचा धडा स्वतः विचारी. ज्याला धडा येई त्याला मिठाई मिळे, ज्याला येत नसे त्याला बोलणी बसत. पांढऱ्याशुभ्र बैठकीवर कोणाच्या मळक्या पायांचे ठसे उमटले तर त्याची धडगत नसे. सर सय्यद यांनी उतारवयात आजोबांचे चरित्र लिहिले, त्यात या आठवणी आहेत. थोर माणसाला म्हातारपणीही आजोबांच्या हातची मिठाई आणि रागावणे दोन्ही आठवावे, यातच सारे आले!

आई अझीझुन्निसा बेगम. त्या सुशिक्षित होत्या. मुलाचा अभ्यास स्वतः घेत. धाकासाठी सुताच्या दोरीचा कोरडा त्यांनी जवळ ठेवला होता. पण रागावल्या तरी तो मुलाच्या अंगावर त्यांनी कधी उगारला नाही.

अशा घरातला हा मुलगा अकरा-बारा वर्षांचा असताना एका म्हाताऱ्या नोकरावर चिडला आणि त्याने त्याच्या तोंडात मारली. ही गोष्ट आईच्या कानांवर गेली. मुलगा घरात येताच त्या म्हणाल्या की, हा या घरात राहण्याच्या लायकीचा नाही, याला बाहेर काढा. एका दासीने त्याचा हात धरून त्याला खरोखरच रस्त्यावर आणून सोडले. तेवढ्यात जवळच राहणाऱ्या खालाच्या घरून दुसरी दासी आली आणि त्याला घेऊन गेली. खालाने त्याला बजावले, ‘आई फार संतापली आहे, तुला जो आसरा देईल त्याच्यावरही रागावेल. तरी मी तुला लपवते.’ तीन दिवस तो तेथे लपून राहिला. चौथ्या दिवशी खाला त्याला घेऊन आईकडे रदबदलीला आली. आईने एकच अट घातली: नोकराने क्षमा केली तर मीही करीन. मग त्या म्हाताऱ्या नोकराला देवडीवर बोलावले. वजिराच्या नातवाने त्याच्यापुढे हात जोडले, तेव्हा कुठे घराचे दार उघडले.

वाचकहो, ही गोष्ट अनेकांनी ऐकलेली असेल. ‘पाहा, पूर्वीची शिस्त कशी होती!’ एवढेच आपण त्यातून घेतो. पण मला यात आईइतकीच खाला मोठी वाटते. आईने शिक्षा दिली. खालाने मुलाला रस्त्यावर राहू दिले नाही. तिने आईला चूक ठरवले नाही आणि मुलाला ‘तुझे बरोबर होते’ असेही सांगितले नाही. तिने फक्त परतीची वाट मोकळी ठेवली. त्या तीन दिवसांत आईला मुलाचा ठावठिकाणा अगदीच ठाऊक नसेल, असे माझे मन मानीत नाही. दोघी बहिणींनी मिळून एका मुलाला माणूस केले, असेच मी समजतो.

याचा अर्थ तो मुलगा त्या दिवसापासून संत झाला असा नव्हे. ऐन तारुण्यात दिल्लीच्या मैफली, मेळे यांत तोही रमला. पण घराशी जोडलेला धागा तुटला नव्हता. पुढे १८७५ मध्ये याच माणसाने अलीगढला शाळा काढली, १८७७ मध्ये तिच्या कॉलेजची पायाभरणी झाली आणि १९२० मध्ये त्याचे विद्यापीठ झाले.

आता दुसरे घर पाहू. ते मुघल बादशहाचे. शाहजादा सलीम, म्हणजेच पुढचा जहांगीर, १६०० साली अकबराविरुद्ध उठला आणि अलाहाबादला वेगळे ठाण मांडून बसला. १६०२ मध्ये अबुल फजलचा खून झाला आणि बापलेकांतली दरी आणखी रुंदावली. तेव्हा १६०३ मध्ये अकबराची बेगम सलीमा सुलतान स्वतः अलाहाबादला गेली आणि सलीमला समजावून घेऊन आली. ती त्याची सख्खी आई नव्हती. पण तिने जे केले ते दिल्लीच्या त्या खालाने केले तेच. पुढेही कुरबुरी झाल्या. तरी अखेर १६०५ मध्ये तख्त सलीमलाच मिळाले.

त्याचा मुलगा खुसरो मात्र दुर्दैवी. वडील आणि आजोबा यांच्या भांडणात हा कोवळा मुलगा सापडला. त्याचा मामा मानसिंग आणि सासरा अझीझ कोका यांना सलीमऐवजी खुसरोच गादीवर हवा होता. मधली माणसे येथेही होती. पण ती सांधणारी नव्हती, ओढणारी होती. मुलगा आणि पती यांच्यातल्या या ओढाताणीत खुसरोची आई मानबाई खचली आणि अफूच्या अतिसेवनाने वारली. १६०६ मध्ये, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, खुसरोने बंड केले. जहांगीरने त्याच्या साथीदारांना लाहोरला सुळावर दिले आणि त्या रांगांमधून मुलाला हत्तीवर बसवून नेले. पुढे त्याची दृष्टी अधू करण्यात आली. १६२२ मध्ये बुऱ्हाणपूरला तो कैदेतच मरण पावला. शिक्षा येथेही होती. परतीची वाट नव्हती.

विद्यार्थी मित्रहो, या जुन्या अनुभवाला आधुनिक अभ्यासाचाही दुजोरा आहे. हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणे, पालकांचे आजारपण अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले तरीही स्थिर, कर्तबगार आणि मायाळू निघाली. त्यांच्या आयुष्यात जिव्हाळ्याचे निदान एक तरी माणूस होते: कधी आजी-आजोबा, कधी मावशी, कधी मोठे भावंड, कधी शिक्षकसुद्धा.

‘शिक्षकसुद्धा’ हा शब्द लिहिताना माझा हात थोडा अडखळला. त्याचे कारण सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातला नववीचा एक मुलगा शिपाईमामांना उद्धटपणे बोलला. मी त्याला सर्वांदेखत वर्गाबाहेर काढले आणि ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ असे म्हणालो. त्याने ते अक्षरशः खरे केले. आठ दिवस तो शाळेत आलाच नाही. वडील आखातात नोकरीला. फोनवरून ते म्हणाले, ‘शिकायचे नसेल तर कामाला लावतो.’ नवव्या दिवशी त्याची दादी, काठी टेकीत, त्याला घेऊन शाळेत आली. मला म्हणाली, ‘सर, रागावलात ते बरे केलेत. पण आता याने यायचे कसे, तेवढे सांगा.’ मी निरुत्तर झालो. सर सय्यद यांची गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत होतो. पण तिचा उत्तरार्ध मला त्या दादीने शिकवला. मुलाने शिपाईमामांची माफी मागितली. मी मुलाची मागितली.

पालकहो, आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांत वडील आखातात किंवा बोटीवर असतात. शहरात दोन खोल्यांच्या संसारात दादी-नानीला जागा उरत नाही. मुलांच्या हाती मोबाइल आहे. पण चूक झाल्यावर जिच्याकडे धाव घ्यावी अशी खाला जवळ नाही. म्हणून शिस्त लावा, जरूर लावा. मात्र शिक्षा देताना ती कशी आणि केव्हा संपेल हेही सांगा. मुलाच्या वयात येण्याच्या या वर्षांत घराबाहेरचे नव्हे, तर नात्यातले, विश्वासाचे एक तरी मधले माणूस जोडून ठेवा. आणि आपण स्वतः कोणाच्या तरी मुलाचे असे मधले माणूस व्हा; पण ओढणारे नव्हे, सांधणारे.

मुलांनो, तुम्हांलाही एक सांगणे आहे. चूक झाली तर पळू नका. हात जोडल्याने वजिराचा नातू लहान झाला नाही; तुम्हीही होणार नाही.