दूरच्या झाडाचे कलम

कोकणात आमच्या आजोळी परसात एक आंबा होता. खोड रायवळाचे, पण एका बाजूच्या फांदीवर आजोबांनी हापूसची काडी बांधलेली. झाड एक आणि फळे दोन जातींची, अशी मौज दर वैशाखात पाहावयास मिळे. आम्हां मुलांना कलमाचे शास्त्र ठाऊक नव्हते, आणि त्यावाचून आमचे काही अडतही नसे. हात पोचला की आंबा मिळतो, एवढे ज्ञान आम्हांला पुरेसे होते.

पुढे पोटासाठी मी संगणकांची निगा राखण्याचे काम पत्करले. तेथे ‘माउंट’ हा शब्द कानी पडला, तेव्हा मला तो आंबा हटकून आठवला. वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर हा असला रुक्ष विषय कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण या शब्दामागे पन्नासएक वर्षांची हकीकत आहे, आणि तिच्या एका पानावर माझी स्वतःची एक चूक लिहिलेली आहे. ती सांगितल्यावाचून मला चैन पडावयाचे नाही.

हकीकत सुरू होते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली तेथे युनिक्स या प्रणालीची उभारणी आरंभली. तिच्यातल्या साऱ्या फाईली एका उलट्या झाडासारख्या रचलेल्या: मूळ वर, फांद्या खाली आणि फांदीच्या टोकाला फाईल. त्या काळी डिस्कच्या जड तबकड्या हातांनी यंत्रावर चढवाव्या लागत. तबकडी चढली की ‘माउंट’ ही आज्ञा द्यावयाची. म्हणजे तिच्यावरचे झाड मूळ झाडाच्या एखाद्या फांदीला जोडले जाई. १९७४ साली या दोघांनी लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात ही व्यवस्था वर्णिलेली आहे. मूळ एका डिस्कवर, लोकांच्या फाईली दुसऱ्या मोठ्या डिस्कवर, आणि यंत्र सुरू होतानाच दोहोंचे कलम बांधले जाई. वापरणाऱ्याला सांधा दिसतही नसे.

मग साहजिकच प्रश्न आला: काडी आपल्याच परसातली हवी, असे थोडेच आहे? शेजाऱ्याच्या झाडाची का चालू नये? इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातल्या मंडळींनी १९८२ साली अनेक युनिक्स यंत्रे जोडून त्यांचे एकच मोठे झाड करून दाखविले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. तिच्या चार संस्थापकांत दिल्लीच्या आय. आय. टी.त शिकलेले विनोद खोसला हेही होते. टेबलावर ठेवावयाची यंत्रे ही कंपनी विकी. डिस्क हा त्या काळी महाग जिन्नस. तेव्हा एका यंत्राला मोठी डिस्क द्यावी आणि बाकीच्यांनी तिच्यावरच गुजराण करावी, हा विचार सोयीचा होता. त्यातून १९८४ साली नेटवर्क फाईल सिस्टिम, म्हणजेच ‘एन. एफ. एस.’, आकारास आली आणि १९८५ साली ती गिऱ्हाइकांच्या हाती पडली. कंपनीने तिचे नियम गुलदस्तात ठेवले नाहीत. सर्वांस खुले केले. म्हणून ती इतरांच्या यंत्रांवरही पसरली.

जोडणीची रीत सोपी होती. ज्याच्याकडे डिस्क, त्या यंत्राने ‘एक्सपोर्ट्स’ नावाच्या फाईलीत लिहून ठेवावयाचे, की माझी अमुक फांदी अमुक यंत्रांना खुली आहे. घेणाऱ्याने आपल्या झाडावर एक मोकळी फांदी राखावयाची आणि आज्ञा द्यावयाची, की त्या यंत्राची ती फांदी येथे बांध. रोज उठून आज्ञा द्यावयाचा कंटाळा असेल, तर तीच ओळ ‘एफ-एस-टॅब’ या फाईलीत टाकावयाची. सकाळी यंत्र जागे होताच कलम आपोआप बांधले जाते.

खरी मौज पुढेच आहे. डिस्क सांभाळणारे यंत्र, ज्याला सर्व्हर म्हणतात, ते मुद्दाम विसराळू ठेवले होते. वाण्याचे दुकान डोळ्यांपुढे आणा. एक वाणी सारी उधारी डोक्यात ठेवतो. तो आजारी पडला की गल्लीभर गोंधळ. दुसरा म्हणतो, “मला काही आठवत नाही. पुरी चिठ्ठी आणा, माल न्या.” एन. एफ. एस. हा दुसरा वाणी. कोणती फाईल, कोठल्या अक्षरापासून, किती अक्षरे, हे सारे दर मागणीत नव्याने सांगावयाचे. सर्व्हर मध्येच बंद पडला तर मागणाऱ्याने तीच चिठ्ठी पुनःपुन्हा पाठवावी. तो जागा झाला की काम जेथे थांबले तेथून पुढे चालते. सर्व्हर नुसता रेंगाळला की मरून पुन्हा जगला, हे मागणाऱ्याला कळण्याचेही कारण नाही.

मात्र तोवर वाट पाहावी लागे. ‘हार्ड’ पद्धतीने बांधलेले कलम अखेरपर्यंत वाट पाहते. पडद्यावर एकच ओळ येते, की सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे. दुसरी पद्धत ‘सॉफ्ट’. ती थोडा वेळ थांबते आणि मग ‘जमले नाही’ असे सांगून मोकळी होते.

आता माझे पान. १९९४ साली पुण्याच्या एका कचेरीत मी यंत्रे सांभाळीत होतो. सर्व्हर शेजारच्या इमारतीत. पावसाळ्यात तेथली वीज वारंवार जाई आणि आमच्याकडचे पडदे गोठून बसत. वरिष्ठ चिडत. शेवटी जुलैत एके दिवशी मी एफ-एस-टॅबमधला ‘हार्ड’ खोडून ‘सॉफ्ट’ लिहिले. तक्रारी थांबल्या. माझी पाठही थोपटली गेली.

आमच्याकडे एक वयस्क बाई जुन्या वह्यांतले पावसाचे आकडे संगणकात भरीत असत. वीज गेली की ते ‘सॉफ्ट’ कलम ‘जमले नाही’ म्हणे. पण त्यांचा प्रोग्राम ते ऐकून घेण्याच्या बोलीने लिहिलेलाच नव्हता. तो बिनदिक्कत पुढे जाई, आणि फाईलीत मागे एक पोकळी राही. पोकळी म्हणजे शून्य. पावसाच्या वहीत शून्य म्हणजे कोरडा दिवस! ऐन श्रावणातले कित्येक दिवस आमच्या संगणकात कोरडे ठणठणीत झाले, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत कोणाच्या ध्यानातही आले नाही.

नेमके किती ठिकाणी असे झाले, हे सांगता येईना. सारी फाईल वह्यांशी ताडून पाहणे भाग होते. त्या वर्षीची दिवाळी आम्हां दोघांची कचेरीत गेली. मी वहीतले आकडे वाचीत होतो, बाई पडद्यावर बोट फिरवीत होत्या. पाडव्याच्या दिवशी त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे करंजी ठेवली. मी कसेबसे म्हणालो, “बाई, माझ्यामुळे तुमचा सण बुडाला.”

त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, यंत्र थांबलं असतं तर मीही थांबले असते. थांबण्याचा त्रास नव्हता रे. न थांबता खोटं लिहिलं, त्याचा झाला.”

पुढे एन. एफ. एस. सुधारत गेली. १९९५ साली जाहीर झालेल्या तिसऱ्या आवृत्तीने लिहिण्याचा वेग वाढविला. सनने ही पद्धत सर्वांच्या समाईक मानकसंस्थेकडे सोपविली. चौथी आवृत्ती २००० साली जाहीर झाली आणि २००३ साली सुधारून पुन्हा आली. आता सर्व्हर कोणी कोणती फाईल उघडली, कोणी कुलूप लावले, हे ध्यानात ठेवू लागला. आणि मागणाऱ्याच्या शब्दावर विश्वास टाकण्याऐवजी ओळख पटवून घेण्याची पक्की सोयही झाली. २०१० साली सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली. कंपनीचे नाव मागे पडले, तिने बांधलेले कलम मात्र आजही फळ देते आहे.

मी अजून अधूनमधून एफ-एस-टॅब उघडतो, आणि महत्त्वाचे लिखाण जेथे होते तेथे ‘हार्ड’ लिहितो. पडदा गोठला की जवळची माणसे करवादतात. मी त्यांना सांगतो, “थांबा थोडे. ते वाट पाहते आहे, म्हणजे खोटे लिहीत नाही.” आणि मनात त्या करंजीची चव येते.