संत आणि सेंट

अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव आहे, तर कॅथेड्रलला सेंट फ्रान्सिस झेवियरचं. संत आणि सेंट यांचं मूळ एकच, असं वाटतं. तसं नाही. ‘संत’ हा संस्कृत ‘सत्’चा वंशज, आणि त्याच्या तळाशी आहे अस् धातू, म्हणजे असणं. ‘सेंट’ लॅटिन ‘सँक्टस’वरून आला. त्याचा अर्थ विधिपूर्वक पवित्र ठरवलेला. म्हणूनच तिथे चौकशी, साक्षी, चर्चची घोषणा. पादुआचे अंतोनी 1231 मध्ये वारले, आणि वर्षभरातच संत घोषित झाले. इतकी घाई विरळाच! गोव्यात सालदान्या या जेझुइटाने 1655 मध्ये अंतोनींचं चरित्र कोकणी गद्यात आणि मराठी पद्यात छापलं. शेंडगावच्या डेबूजींना, म्हणजे गाडगेबाबांना मात्र संत ठरवलं ते कीर्तनाला जमणाऱ्या लोकांनीच.