रेगेन्सबुर्ग : सकाळ पुलावर, दुपार चौकात

मंडळी, आजचा धागा जर्मनीतील रेगेन्सबुर्ग या डॅन्यूबकाठच्या शहराविषयी. जुने शहर इतके आटोपशीर आहे की ते एका दिवसात पायी पाहून होते. मात्र चालण्याचा क्रम चुकला, तर हाती केवळ सुंदर छायाचित्रे लागतात. म्हणून सकाळ दगडी पुलावर आणि दुपार नॉयफारप्लात्झ या चौकात घालवावी, असे मी सुचवेन.

आरंभ रोमनांपासून. इ. स. १७९ मध्ये, मार्कस ऑरेलियसच्या कारकिर्दीत, येथे ‘कास्त्रा रेगिना’ ही लष्करी छावणी उभी राहिली. डॅन्यूब ही साम्राज्याची सीमा होती. नदीकडे तोंड असलेल्या छावणीच्या उत्तर दरवाजाचे प्रचंड दगड पुढील काळातील इमारतीच्या भिंतीत आजही उघडे दिसतात.

तेथून पूल जवळच आहे. बांधकाम ११३५ ते ११४६. खांबांच्या पायांभोवती बेटांसारखे भराव आहेत. त्यामुळे नदीची वाट अरुंद होते आणि पाणी कमानींखालून भोवरे करीत धावते. सुमारे आठशे वर्षे शहरात डॅन्यूबवर हा एकच पूल होता. पूल बांधणारा व कॅथेड्रल बांधणारा यांच्यात पैज लागली आणि पुलाच्या कारागिराने सैतानाची मदत घेतली, अशी दंतकथा तुम्हाला ऐकवली जाईलच. आजच्या गॉथिक कॅथेड्रलचे काम १२७३च्या सुमारास सुरू झाले. दंतकथेचे काय करायचे ते ज्याने त्याने ठरवावे. (पुलाशेजारच्या प्रसिद्ध सॉसेजच्या उपाहारगृहापुढे रांग असते. शाकाहारी मंडळींनी सरळ पुढे व्हावे.)

११४७ मध्ये तिसरा कॉनराड आणि ११८९ मध्ये फ्रेडरिक बार्बारोसा, हे दोघेही क्रूसेडसाठी याच शहरातून निघाले. पण क्रूसेडची झळ शहराला त्याआधीच लागली होती. १०९६ मध्ये येथील ज्यूंना बळजबरीने नदीत उतरवून त्यांचा बाप्तिस्मा करण्यात आला. पुढे सम्राट चौथ्या हेन्रीने त्यांना स्वधर्मात परतण्याची मुभा दिली. त्यानंतर ही वस्ती ज्यू विद्वत्तेचे मोठे केंद्र बनली. यहूदा हेहासिद हा धर्मचिंतक १२१७ मध्ये येथेच वारला.

आता चौक. आज जेथे लोक निवांत बसलेले दिसतात, तेथे १५१९ पर्यंत ज्यूंचा मोहल्ला होता. ज्यू सम्राटाच्या संरक्षणाखाली असत व त्याबद्दल त्याला कर देत. त्यामुळे नगरसभेला मनात असूनही त्यांना हात लावता येत नव्हता. शहराचा व्यापार उतरणीला लागला होता, आणि कॅथेड्रलमधील प्रवचनकार बाल्थासार हुबमायर दोषाचे बोट ज्यूंकडे दाखवीत होता. १२ जानेवारी १५१९ रोजी सम्राट पहिला मॅक्सिमिलियन मरण पावला. नवा सम्राट अद्याप निवडायचा होता. नगरसभेने नेमकी ती फट साधली: २१ फेब्रुवारीला हकालपट्टीचा निर्णय झाला आणि सिनेगॉग पाडण्यात आले. दफनभूमी उद्ध्वस्त झाली; तिच्यातील हिब्रू कोरलेले दगड विजयचिन्हांसारखे घरांच्या भिंतींत बसवले गेले. काही आजही तेथे आहेत. नजर वर ठेवून चाला.

पाडण्यापूर्वी त्या सिनेगॉगची दोन मुद्राचित्रे चित्रकार आल्ब्रेख्त आल्टडॉर्फरने केली: एक अंतर्भागाचे, एक ओसरीचे. वास्तूचे रूप आपल्याला कळते ते मुख्यतः त्यांच्यामुळे. आणि आल्टडॉर्फर स्वतः त्याच नगरसभेचा सदस्य होता. ओसरीच्या चित्रातील दोन माणसे पाहून त्याला कणव आली असावी, असे वाटू लागते. पण अंतर्भागाच्या चित्रावरील लॅटिन मजकूर हा विध्वंस ईश्वराच्या न्याय्य निर्णयाने झाल्याचे सांगतो. मला तो मजकूर दुर्लक्षिता येत नाही.

मोकळ्या जागी ‘सुंदर मारिया’चे लाकडी प्रार्थनामंदिर घाईने उभारले गेले. चमत्काराची वार्ता पसरली आणि यात्रेकरूंचे लोंढे आले. १५२० या एका वर्षात लाखाहून अधिक यात्राबिल्ले विकले गेले. हा भर थोडीच वर्षे टिकला. १५४२ मध्ये शहर प्रोटेस्टंट झाले. यात्रेकरूंसाठी बांधायला घेतलेले दगडी चर्च तेव्हापासून प्रोटेस्टंटांचे आहे. हुबमायर स्वतः पुढे अ‍ॅनाबॅप्टिस्ट झाला आणि १५२८ मध्ये व्हिएन्नात पाखंडी म्हणून जाळला गेला.

जुन्या नगरभवनासाठी तासभर पुरे. १६६३ ते १८०६ पवित्र रोमन साम्राज्याची कायमस्वरूपी सभा येथे भरत असे. तळघरातील छळकोठडीही दाखवतात.

संध्याकाळी पुन्हा चौकात या. १९९५ नंतरच्या उत्खननात सिनेगॉगचा पाया सापडला. त्याच्या आराखड्याबरहुकूम शिल्पकार दानी काराव्हान याने २००५ मध्ये पांढरे स्मारक रचले. त्याला कुंपण नाही. मुले त्यावर खेळतात, थकलेले पर्यटक खांबांच्या बुंध्यांवर टेकतात. तेथून थोड्या अंतरावर, नाझींनी १९३८ मध्ये जाळलेल्या सिनेगॉगच्या जागी, २०१९ च्या फेब्रुवारीत नवे सिनेगॉग उघडले. हकालपट्टीला त्या महिन्यात ५०० वर्षे झाली होती.